लहानांना माफी नाही

तळं खणायला जेसीबी लागतो, भरायला मोटर लागते. मासे सोडायला मात्र नुसता उत्साह पुरतो. पहिली दोन वर्षं त्या उत्साहावरच निघतात. पाणी नवं, तळ नवा, जागा रिकामी. सोडलेली बोटुकली बघता बघता वीतभर होते, वर्षाच्या आसपास किलोला टेकते, आणि आपल्या हाताला गुण आहे असं मालकाला वाटू लागतं. सगळा गुण रिकाम्या जागेचा होता, हे कळायला तळं जुनं व्हावं लागतं.

जुनं तळं हा मुरलेला संसार असतो. कोणी कुठं बसायचं, कोणी कोणाच्या ताटातलं उचलायचं, कोणाशी कोणाचं पटत नाही, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. हौसेनं आणलेली नवी बोटुकली नव्या सुनेसारखी कडेकडेनं फिरते आणि एक दिवस दिसेनाशी होते. मालक आणखी बोटुकली आणतो. तळं तीही पचवतं.

माझ्या मामांचं तळं असं मुरलेलं आहे. इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडं, उसाच्या फडाला लागून. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि डाळिंबाच्या नि द्राक्षांच्या बागांशेजारी काळा कागद अंथरलेली चौकोनी तळी दिसू लागली. मामांचं तळं त्याच्या कितीतरी आधीचं, मातीचं, दहाएक गुंठ्यांचं. कडेला पाणकणीस, एका कोपऱ्यात झुकलेली बाभूळ, आणि तळाशी वर्षानुवर्षांचा काळा, मऊ, वास मारणारा गाळ. मामा मासे विकत नाहीत. गळ टाकून बसणं ही त्यांची हौस आणि चार माणसं बोलावून त्यांना गळ टाकायला बसवणं ही त्याहून मोठी हौस.

हौस तशी राजघराण्यातली आहे. सोलापूरच्या पलीकडं कल्याणीला राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्यानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं जीव कसा रमवावा हे सांगताना त्यानं हत्ती, कुस्ती, गाणं यांच्या पंगतीत ‘मत्स्यविनोद’ही बसवला आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणता चारा, गळ कसा, दोरी कशी, सगळं तपशीलवार. गाळ उपसायला आणि नको ते मासे वेचून काढायला त्याच्या पदरी माणसं असणार. मामांच्या पदरी भाचा आहे.

तळ्यात मामांनी सुरुवातीला स्वतःच्या हातानं सोडलेले मासे तीनच: कटला, रोहू आणि मृगळ. यात हिशेब आहे. कटला वरच्या थरात तोंड वर करून खातो, रोहू मधल्या मजल्यावर वावरतो, आणि मृगळ खाली गाळ चिवडतो. एकाच तळ्यात तीन बिऱ्हाडं, तिघांचे मजले वेगळे, म्हणून भांडण कमी. मत्स्यशेतीच्या पुस्तकात हे मिश्र मत्स्यपालन म्हणून दिलेलं असतं, आणि हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली असा आकडाही असतो. मामांनी तो आकडा वाचला, दहा गुंठ्यांचा दहावा हिस्सा काढला आणि हौसेच्या तळ्याला त्याच्या निम्म्याहून कमी सोडायचं ठरवलं. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं.

या तीन भारदस्त माशांचा एक स्वभाव मात्र ऐकून घ्यावा लागतो. साचलेल्या पाण्यात ते पोरं होऊ देत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली नदी लागते, चढतं गढूळ पाणी लागतं, प्रवाह लागतो. तळ्यात ते खातील, पितील, दहा किलोंचे होतील, पण वंशवाढीचं नाव काढणार नाहीत. १९५७ पर्यंत म्हणूनच यांचं बी नदीतून गोळा करावं लागे. त्या वर्षी १० जुलैला ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातकुळीच्या माशांकडून अंडी घालवून घेतली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज मत्स्यबीज केंद्रावर प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून बोटुकली मिळते ती त्या सुईची कृपा.

म्हणजे जे हवे आहेत त्यांचा वंश सुई टोचल्याशिवाय वाढत नाही. आता नकोत त्यांच्याकडं वळू.

चिलापी मामांनी कधीच सोडली नाही. ती मोटरीच्या पाइपातून आली. फुगवट्यातून पाणी उचललं की त्याबरोबर काय काय येतं याचा पत्ता पंपाला नसतो. ही मूळची आग्नेय आफ्रिकेतली. भारतात १९५२ साली तिला मुद्दाम आणलं, आणि उजनीत तिनं असं काही बस्तान बसवलं की आज पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ गाडी थांबवणारा माणूस चिलापी फ्राय मागतो तेव्हा आपण आफ्रिकेचं काही खातो आहोत असं त्याला वाटत नाही. तिथं ती शोभते. मोठं पाणी आहे, भोई बांधवांची जाळी आहेत, पाणकावळे आहेत. मामांच्या दहा गुंठ्यांत ती आली आणि तिनं संसार मांडला.

तिचा संसार बघण्यासारखा असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेच्या उथळ चिखलात ताटलीएवढे गोल खळगे दिसतात, एकाला एक लागून. नरांनी ते उकरलेले असतात. मादी तिथं अंडी घालते आणि लगेच स्वतःच्या तोंडात उचलून घेते. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागली तरी धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. तोंडात पोरं असेपर्यंत आई जवळजवळ उपाशी असते. इतकी सोय असल्यावर पोरं जगतात. एका वर्षात पुन्हा पुन्हा जगतात. आणि गर्दी वाढली की चिलापी आणखी एक गोष्ट करते: मोठं होण्याचा नाद सोडते. चार बोटांची असतानाच वयात येते. मामांच्या तळ्यात एकेकाळी गळाला लागायची ती चिलापी हातात घेतली की डोळे देहाच्या मानानं मोठे, डोकं मोठं, पाठ सुरीसारखी, आणि पोट दाबलं तर पिवळी अंडी. पोर दिसायची आणि आजी असायची.

या खुज्या झालेल्या माशांकडं बघून कोणत्याही मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो दयेचा. बिचारे उपाशी आहेत, पेंड टाका. मामांनी पेंड टाकली. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, टोपलीनं. चिलापीनं ती खाल्ली आणि आणखी पोरं घातली. दुसरा विचार येतो तो भरतीचा. मोठे मासे मिळत नाहीत, आणखी मासे सोडा. मामांनी तेही केलं. नवी बोटुकली चिलापीच्या झुंडीत चारा शोधत राहिली आणि वर्षानंतर ती बोटुकलीच होती.

तळ्याचा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबापेक्षा वेगळा चालतो. माणसाचं पोर उपाशी राहिलं तरी काही प्रमाणात वाढतं. माशाचं वाढणं चाऱ्यावर थांबतं आणि चाऱ्यावर पुन्हा सुरू होतं. एखादं तळं किती किलो मासे पोसेल हे त्याचं पाणी, त्याचा गाळ, त्याचं ऊन ठरवतं. समजा, ते दोनशे किलो पोसतं. ते दोनशे माशांत वाटले तर एकेक किलोचा मासा. चार हजारांत वाटले तर पन्नास ग्रॅमचा. तळ्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, त्याचा ताळेबंद जुळतो. गळ टाकून बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं तेवढा फरक पडतो. म्हणून जुन्या तळ्याची निगा राखणं म्हणजे मासे घालणं कमी आणि मासे काढणं जास्त.

हे पुस्तकात मांडलं अमेरिकेतल्या एका माणसानं. अलाबामा राज्यात ऑबर्न इथं होमर स्विंगल नावाचे प्राध्यापक होते, मुळात किडींचे अभ्यासक. १९३०च्या दशकात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना खासगी तळ्यांत चांगले मासे का मिळत नाहीत हा प्रश्न पडला. त्यांनी सरळ तळी उपसली आणि आतला मासा न् मासा मोजला, त्याचं वजन केलं. त्यांच्याकडची चिलापी म्हणजे ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा, आणि तिला खाणारा लार्जमाउथ बास. तळ्यात खाणाऱ्या माशाच्या एका किलोमागं खाल्ल्या जाणाऱ्या माशांचे तीन ते सहा किलो असले तर तळं बरं चालतं, असं त्यांनी १९५० साली छापलं. खाणारे कमी पडले की ब्लूगिल खुजे होतात; खाणारे फार झाले की बासच हडकुळे राहतात. आणि तळं बिघडवणारा सगळ्यात मोठा कारभारी कोण, तर घाईनं सगळे बास काढून नेणारा, छोटे ब्लूगिल ‘जा बाळा’ म्हणून सोडून देणारा हौशी मालक. अलाबामाचा आणि इंदापूरचा मालक इथं एका घरातले निघतात.

माणसाची दया तळ्यात नेमकी उलटी पडते. गळाला मोठा मासा लागला की आपण फोटो काढून घरी नेतो, लहान लागला की ‘अजून वाढू दे’ म्हणून सोडतो. ज्यानं लहानांना आवरलं असतं तो तव्यावर जातो, आणि ज्याला आवरायचं तो पाण्यात परत जातो. पुण्याहून आलेले एक पाहुणे फार मायाळू होते. त्यांच्या गळाला चिलापी लागली, त्यांनी तिला हातात धरली, आणि तिच्या तोंडातून तांदळाच्या कणीएवढी, डोळे असलेली पिल्लं त्यांच्या तळव्यावर सांडली. पाहुणे गहिवरले. आई-मुलांची ताटातूट नको म्हणून ओंजळीनं सगळ्यांना पाण्यात सोडून त्यांनी हात जोडले. मामा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी पाहुण्यांना जेवणात वरण-भात मिळाला.

त्यानंतर बाभळीच्या बुंध्याला पत्र्याची पाटी लागली. ऑइलपेंटनं, मामांच्या हातची:

‘लहान मासा पाण्यात सोडू नये. मरळ घरी नेऊ नये. दोन्ही केल्यास पुन्हा येऊ नये.’

मरळ हा मामांचा तळ्यावरचा बंदोबस्त. नाग डोकं काढून असावा तसं तोंड, ओल्या शेवाळासारखा रंग आणि अर्ध्या तळ्याला दहशत. ती अधूनमधून वर येऊन हवा घेते, त्यामुळं पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी तिचं भागतं. उन्हाळ्यात तळं आटलं तरी ओल्या चिखलात काही दिवस काढते. चिलापीची पिल्लं खाणं हे तिचं आवडतं काम. मामांनी भिगवणच्या बाजारात भोई मंडळींकडून जिवंत मरळी आणल्या आणि पोहऱ्यात घालून तळ्यात सोडल्या. पुढं पावसाळ्यात एकदा त्यांनी मला हाक मारून पाणकणसाजवळ उभं केलं. पाण्याखाली तांबूस, नारिंगी ठिपक्यांचा एक गोळा हळूहळू सरकत होता. मध्येच तो पसरे, मध्येच आवळे. मरळीची पिल्लं. आणि त्याच्याखाली, काळोखात, दोन मोठ्या सावल्या. आईबाप पहाऱ्यावर.

“हात घालून बघ,” मामा म्हणाले. मी घातला नाही.

“तुम्हीच म्हणता ना मामा, लहानांना माफी नाही म्हणून?”

“ती चिलापीला. ही आपली पोरं हायेत.”

बंदोबस्ताला मर्यादा असते. मरळीला चिलापी आणि रोहूची बोटुकली यांच्यातला फरक समजावून सांगता येत नाही. जे तोंडात मावतं ते तिचं. म्हणून मरळ असलेल्या तळ्यात नवी बोटुकली सोडायची ती बोटाएवढी नको, हातभर नसली तरी वीतभर हवी. मामा आता केंद्रावरून आणलेलं बी आधी शेजारच्या छोट्या खड्ड्यात चार-सहा महिने वाढवतात, वर जाळं बांधून, आणि मग मोठ्या तळ्यात सोडतात. मरळी वाढून फार झाल्या तर त्यांनाही कमी करावं लागणार, हे स्विंगलसाहेबांनी सांगून ठेवलंच आहे. मामांनी पाटीवर त्याची नोंद अजून केलेली नाही.

जाळं ओढून एकदाच चिलापी साफ करावी असं कोणीही सुचवतं. त्यात अडचण मामांचीच आहे. काही वर्षांपूर्वी रात्री कोणी येऊन जाळं टाकतं असा संशय आल्यानं त्यांनी तळ्यात बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवल्या. चोराचं जाळं अडकावं म्हणून. आता चोर येत नाही, आणि मालकाचंही जाळं चालत नाही. फांद्यांच्या जाळीत चिलापीची पिल्लं मरळीपासून सुखरूप राहतात हा वरचा फायदा.

पाण्याची तब्येत बघायची मामांची रीत सोपी आहे. सकाळी काठावर ओणवं व्हायचं, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि तळहात दिसतो का बघायचं. कोपर बुडताना तळवा नुकता दिसेनासा झाला तर ठीक, माशांना चारा आहे. मनगटाशीच बोटं गायब झाली तर पाणी फार हिरवं झालं. पेंड बंद, शेण बंद. कारण तो हिरवेपणा दिवसा प्राणवायू देतो आणि रात्रभर तोच घेत बसतो, त्यात गाळही आपला वाटा मागतो. ढगाळ हवा लागून राहिली की पहाटे कटला वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. मग मामा फडक्यानं डोकं बांधून मोटर चालू करतात आणि पाणी उंचावरून तळ्यात धबाधबा पाडतात. जुन्या तळ्याला खुराकाची काळजी कमी आणि अपचनाची जास्त.

मे महिन्यात तळं पूर्ण उपसावं, गाळ भेगा पडेपर्यंत वाळवावा, चुना मारावा आणि नव्यानं सुरुवात करावी, हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. तो मामांनाही ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात ते गाळ काढायला ट्रॅक्टरवाल्याला विचारून ठेवतात. पण तळ्यात एक कटला आहे. सोडलेल्या पहिल्या लॉटमधला, असं मामा सांगतात. तो कधीतरी संध्याकाळी बाभळीखाली वळतो तेव्हा परातीएवढं पाणी हलतं. गळाला तो लागत नाही, लागला तर दोरी तोडतो. तळं उपसलं तर तो हाती येईल, पण मग रोज संध्याकाळी काठावर बसायला कारण उरणार नाही. म्हणून शास्त्र दर वर्षी पुढच्या मे महिन्यावर जातं.

तोवर चिलापी काढायची कोणी? मामांनी पाहुण्यांवर बरेच प्रयोग केले. पाहुण्यांच्या तीन जाती निघाल्या. पहिली जात परदेशी रीळ आणि कार्बनची काठी घेऊन येते, खिसेवालं जॅकेट घालते, मोठ्या कटल्याशिवाय कशाकडं बघत नाही आणि दिवसअखेर काहीच काढत नाही. तळ्याला त्रास नाही, पण उपयोगही नाही. दुसरी जात मरळ पळवते. तिला पाटी दिसत नाही. तिसरी जात लहान चिलापी काढते, पण काट्यांना घाबरून घरी नेत नाही, आणि मामांची नजर चुकवून पाण्यात टाकते.

या सगळ्यांवर उतारा मिळाला तो दिवाळीनंतर. साखर कारखाने सुरू झाले, ऊसतोड टोळ्या आल्या आणि मामांच्या फडाशेजारी पालं पडली. आईबाप पहाटेच फडात जातात. मागं राहिलेली पोरं तळ्याकाठी येतात. पहिल्या दिवशी मामांनी त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं की एका पोरानं तुरीच्या काठीला दोरा बांधला आहे, त्याला बारीक गळ, गळाला भाकरीचा चिमूटभर गोळा, आणि तो कडेच्या खळग्यांपाशी टाकून काही क्षणांत चार बोटांची चिलापी वर काढतो आहे. एक झाली की दुसरी. शेजारी त्याची बहीण डब्यात गोळा करते. कटल्याकडं त्यांचं लक्ष नाही. त्यांच्या दोऱ्याला तो झेपणारही नाही. मरळ त्यांच्या भाकरीला तोंड लावत नाही. ती पोरं फक्त तेच काढत होती जे निघायला हवं होतं, आणि काढलेलं सगळं संध्याकाळी पालात रश्शात पडत होतं. मायाळूपणाचा प्रश्नच नव्हता.

मामांनी त्या दिवसापासून त्या पोरांना राजरोस परवाना दिला. वर दुकानातून बारीक गळांची पुडी आणून दिली. मुलांनीही दुसऱ्या पालांतल्या मुलांना सांगितलं. टोळी असेपर्यंत तळ्याच्या कडेला रोज तुरीच्या काठ्यांची रांग लागायची. उन्हाळ्याच्या तोंडाला कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी परत गेली, आणि पावसाळ्यात गळाला लागलेल्या रोहूला मामांनी काट्यावर टांगलं तर तो दोन किलोंच्या पुढं होता. किती वर्षांनी असा रोहू दिसला, असं ते प्रत्येकाला फोन करून सांगत होते.

यंदा मामांनी कार्बनच्या काठीवाल्यांना बोलावलेलं नाही. टोळीच्या मुकादमाला मात्र त्यांनी गणपतीतच फोन करून ठेवला आहे: येताना पोरंबाळं असलेली कुटुंबं आण. मुकादमाला वाटतंय, मामांच्या फडात यंदा ऊस जास्त आहे.